चाकोरी आणि फटफटी

'चाकोरी' हा शब्द आपण आता बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. चाकोरीतले आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार, असे आपण लिहितो आणि बोलतो. परंतु बीड जिल्ह्यातील काळ्या रानातून पावसाळा सरल्यावर बैलगाडीच्या वाटेने जो गेला आहे, त्याला चाकोरीचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. ओल्या जमिनीतून लोखंडी धावेची चाके गेली की दोन समांतर चर उमटतात, उन्हाने ते विटेसारखे कडक होतात, आणि मग पुढल्या पावसापर्यंत त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला त्या चरांच्याच मर्जीने जावे लागते. बैलगाडीची दोन चाके शेजारी-शेजारी असतात. तिला चाकोरी सोयीची वाटते. फटफटीची दोन चाके मात्र एकामागे एक. तिचे पुढचे चाक चरात शिरले, की स्वार हॅण्डल फिरवू पाहतो, चाक चराच्या कडेला अडते, आणि माणसाच्या चालीपेक्षा फार अधिक नसलेल्या वेगाने जाणारी ती फटफटी सावकाश एका अंगावर आडवी होते.

मोटारसायकलचा इतिहास लिहिणारे बहुधा वेगाचा इतिहास लिहितात. कोणत्या शर्यतीत कोण पहिला आला, कोणत्या गाडीने कोणत्या साली कोणता विक्रम मोडला, याच्या नोंदी सहज मिळतात. परंतु सामान्य माणसाची गाडी शर्यतीत जात नसते. ती वाड्याच्या दारात, बाजारतळावर, पेट्रोल पंपाच्या तेलकट फरशीवर, ओढ्याच्या उतारावर जाते आणि पडते तीही तेथेच. अशा गाडीचे आयुष्य ती किती जोरात धावते यावर अवलंबून नसते. सावकाश पडल्यावर तिचे काय मोडते, आणि जे मोडले ते कोण, कोठे व किती पैशांत नीट करून देतो, यावर ते ठरते. टिकाऊपणाची ही कसोटी बीडसारख्या जिल्ह्यात गेल्या साठ-सत्तर वर्षांत एकामागून एक आलेल्या गाड्यांना लागत गेली. त्या कसोटीची ही हकीकत आहे.

प्रथम एक साधा प्रश्न. दुचाकी सावकाश जातानाच का पडते? गाडी डावीकडे कलू लागली की पुढचे चाकही किंचित डावीकडे वळते. त्या वळण्याने चाके पुन्हा गाडीच्या भाराखाली येतात आणि गाडी सावरते. वेग असला की हे काम गाडी बरेचसे आपण होऊन करते, आणि म्हणून भरधाव जाणाऱ्या दुचाकीवर स्वाराला तोलाचा विचारही करावा लागत नाही. वेग पायी चालण्याइतका उतरला की हे सावरणे अपुरे पडते. मग उरतो तो स्वाराचा तोल आणि त्याचे जमिनीला टेकणारे दोन पाय. त्यातला एक पाय खड्ड्यावर आला, की पुढचे सांगावयास नको.

ही धास्ती फटफटीच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८८५ साली जर्मनीत गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी दुचाकी बनविली, तेव्हा तिच्या लाकडी सांगाड्याच्या दोन्ही अंगांना त्यांनी एकेक लहान चाक जोडले होते. नुकत्या चालू लागलेल्या मुलाला आपण पांगुळगाडा देतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे १८९४ साली म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी गाड्या काढल्या, त्या वेळी ही आधाराची चाके नव्हती. मोटारसायकल तेव्हा आपल्या दोन चाकांवर आली, आणि कधीतरी पडणे हे तिच्या नशिबी कायमचे लिहिले गेले.

उभी गाडी नुसती कलंडली तर असे काय मोठे होणार, असे वाटणे साहजिक आहे. थोडा हिशेब करून पाहू. शंभर किलो वजनाची गाडी आडवी होते तेव्हा तिचा भारमध्य सुमारे तीस सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, खाली येतो असे धरा. पंधरा किलोची ज्वारीची गोणी दोन मीटर उंचीवरून, म्हणजे डोक्यावरूनही वरून, खाली सोडली असता जो दणका बसेल तेवढाच हा दणका झाला. गोणी निदान पसरट पडते. फटफटी पडते ती दोन-तीन टोकांवर: हॅण्डलचे टोक, पायदान, आणि मागल्या बाजूला सायलेन्सर किंवा इंडिकेटर. सारा दणका तेवढ्या टोकांनी सोसायचा असतो. बुलेटसारखी गाडी तर वजनाने याच्या दीडपटीहून अधिक; तिचा दणकाही त्याच प्रमाणात वाढतो.

आता हा जिल्हा कसा आहे ते पाहू. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत बीड हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. परळीला रेल्वे जुनी. परंतु बीड शहरापर्यंत आगगाडी पोचली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. त्याच्या तीन वर्षे आधी, २०२२ साली, ती नगरहून आष्टीपर्यंत आली होती. तोपर्यंत या शहराचे सारे जाणे-येणे रस्त्यानेच चालले. उत्तरेला गोदावरी आणि तिच्या खोऱ्यातली गेवराई-माजलगावची काळी जमीन, मध्ये बालाघाटचा डोंगरपट्टा, पाटोदा-आष्टीकडे मुरमाड माळ, दक्षिणेला मांजरा. अशा या मुलखात पावसाळ्यात एका प्रकारे पडायचे आणि उन्हाळ्यात दुसऱ्या. काळी माती ओली झाली की ती चाकाला चिकटते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दडपून बसते, आणि शेवटी चाक फिरेनासे होते. मग काडीने किंवा हाताने माती उकरीत बसण्यावाचून गत्यंतर नसते. माळावर याच्या उलट. तेथे सुटी खडी चाकाखाली गोट्यांसारखी फिरते, आणि हॅण्डल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी गेलीच.

या खडीलाही इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे हजारोंनी दुष्काळी कामांवर गेली. पाझर तलाव झाले, बंडिंग झाले, आणि रस्त्यांसाठी डोंगराएवढी खडी फुटली. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदाच केला. अशा कामांतून गावोगाव मातीचे व मुरमाचे रस्ते निघाले. डांबर त्यांच्यावर आले ते कित्येक वर्षांनी, आणि काहींवर आलेही नाही. तरी पण बैलगाडीच्या वाटेला रस्ता म्हणण्याजोगे रूप आले, आणि त्या रस्त्याने खेड्यापर्यंत फटफटी जाऊ लागली. दुष्काळात बायाबापड्यांनी फोडलेल्या खडीवरून ही गाडी आली, हे तिच्या इतिहासात लिहून ठेवावयास हवे.

पहिला मान अर्थातच बुलेटचा. १९५० च्या दशकात भारतीय लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ही ३५० घनसेंटिमीटरची विलायती गाडी पसंत केली, आणि १९५५ साली मद्रासला तिच्यासाठी एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. विलायतेतला मूळ कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला. मद्रासची गाडी मात्र चालू राहिली. बुलेट म्हणजे पोलाद. तिची टाकी पोलादी, मडगार्डही पोलादी. ती पडली तर तिला पोचा येई, क्वचित पायदान वाके; परंतु हातोडी आणि लाकडी ठोकळा एवढ्या भांडवलावर पोचा निघत असे. अडचण असे ती उचलण्याची. एकट्या माणसाने ओढ्यात आडवी झालेली बुलेट उभी करणे म्हणजे बसका बैल उठविण्यासारखे होते. म्हणून ती ज्यांच्याकडे असे त्यांच्यामागे बहुधा उचलू लागणारी माणसेही असत.

नोकरदाराला आणि मध्यम शेतकऱ्याला परवडणाऱ्या गाड्या १९६० नंतर आल्या. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचा देशी अवतार काढला. १९७३ पासून तिलाच 'येझदी' म्हणू लागले. हिची एक गंमत अशी की किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडी. गाडी सुरू करून झाली की तीच दांडी खाली वळवायची आणि तिनेच गिअर टाकायचा. काटकसर चांगली, परंतु पडताना ती दांडी सापडली म्हणजे किकही गेली आणि गिअरही गेला. याच सुमारास एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एका गाडीवरून 'राजदूत' काढली. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात तरुण जोडप्याला घेऊन पळणारी बुटकी गाडी ही तिचीच धाकटी बहीण. पण राजदूतचे खरे राज्य होते ते दुधाच्या कॅनांवर. दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पहाटे निघालेला राजदूतवाला ही पुष्कळ गावांची ओळख झाली. तोलाचे शास्त्र त्याला कोणी शिकविलेले नसे, पण एका बाजूचा कॅन पुरा रिकामा करून दुसरा भरलेला ठेवायचा नाही, दोन्हींतून सारखे दूध काढीत जायचे, हे त्याला पक्के ठाऊक असे. नाही तर वाड्याच्या दारात स्टॅण्ड काढताच दूध, दूधवाला आणि गाडी तिन्ही एका बाजूला.

राजदूत टिकली याची कारणे पाहण्याजोगी आहेत. तिचे इंजिन दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात झडपा नाहीत, आणि इंजिनाच्या तळाशी तेलाचे वेगळे तळे नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले. त्यामुळे ती आडवी पडली तरी इंजिनातले तेल भलतीकडे जाण्याचा प्रश्न नसे. फार तर पेट्रोल जास्त होऊन प्लग ओला होई. तो काढावा, पुसावा, फुंकर मारावी, पुन्हा बसवावा आणि किक मारावी. गाडीच्या हत्यारपेटीत प्लगचा पाना असे, आणि तेवढ्यावर निम्मे आजार बरे होत. टाकीला बारीक भोक पडले तर त्यावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासावी. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून गळती तालुक्याचे गाव येईपर्यंत तरी थांबते. हे औषध कोणत्या कारखान्याने सांगितले नव्हते. ते वाटेवरच सापडले.

स्कूटरची गोष्ट वेगळी. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर १९६० च्या सुमारास निघू लागली, १९७२ साली 'चेतक' आली, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे क्रमांक लावून बसले. शहरातल्या कुटुंबाची ती लाडकी. सकाळी सुरू होईना तर तिला एका अंगावर कलती करून, मग सरळ करून किक मारावयाची, हा विधी पुष्कळ घरांतल्या मुलांनी पाहिलेला आहे. जिला मुद्दाम कलती करावी लागे अशी ही एकच गाडी. पण तिची चाके लहान. मोटारसायकलचे अठरा-एकोणीस इंची चाक ज्या खड्ड्यावरून उडी मारून जाते, त्यात स्कूटरचे दहा इंची चाक मुक्काम करते. म्हणून चेतक बीड, अंबाजोगाई, परळी अशा गावांच्या डांबरावर रमली आणि शिवाराच्या वाटेला फारशी गेली नाही. शेजारच्या नगर जिल्ह्याशी नाते असलेली कायनेटिकची 'लुना' १९७२ ची. पन्नास घनसेंटिमीटरचे इंजिन, सायकलसारखी पायडल, वजन जेमतेम. ती पडली तर मास्तरीण बाईंना किंवा गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाईंना एकट्याने उचलता येई. टिकाऊपणाच्या चर्चेत हा गुण कोणी मोजत नाही. पण रस्त्यात मदतीला कोणी नसेल तेव्हा उचलता येणे यासारखा दुसरा गुण नाही.

१९८५ हे साल या हकीकतीत मोठे आहे. त्या वर्षी औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि मराठवाड्याची मुले दुचाकी वापरता वापरता ती बनवूही लागली. त्याच वर्षी हीरो होंडाची 'सीडी १००' आली. हिचे चार फेऱ्यांचे लहानसे, आडवे इंजिन होंडाच्या 'सुपर कब' या १९५८ सालच्या गाडीच्या घराण्यातले. सुपर कब जपानातल्या त्या वेळच्या खडबडीत रस्त्यांसाठी बनविली होती. एका हातात जेवणाचे तबक धरून पोऱ्याला चालविता यावी म्हणून तिला क्लचची लिव्हरच ठेवलेली नव्हती, आणि पाय झाकणारा पुढचा पडदा प्लास्टिकचा होता. पडला तर तो लवतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. १९५८ साली हे धाडसच होते. २०१७ पर्यंत या एका जातीच्या दहा कोटी गाड्या जगात बनल्या. सीडी १०० च्या मागोमाग १९९४ साली 'स्प्लेंडर' आली, आणि थोड्याच वर्षांत खेड्यापाड्यांत 'गाडी' म्हणजे हीच, असे समीकरण झाले. ती पोलादाने बुलेटएवढी भक्कम नव्हती. मात्र ती हलकी होती, आणि तिची लिव्हर, तिचे पायदान, तिचा इंडिकेटर तालुक्याच्या कोणत्याही दुकानात सहज मिळे.

येथे मिस्त्रीच्या दुकानात थोडे थांबले पाहिजे. बीडच्या बार्शी नाक्यावर काय किंवा केजच्या, माजलगावच्या रस्त्यावर काय, मिस्त्री आडवी पडलेली गाडी पाहतो तेव्हा तो एका ठराविक क्रमाने पाहतो. प्रथम लिव्हर. ती ओतीव ॲल्युमिनियमची असते. थोडी वाकते आणि मग काडकन तुटते. जुना मिस्त्री लिव्हरचा कब्जा हॅण्डलवर अगदी आवळून बसवीत नाही. किंचित सैल ठेवतो, म्हणजे दणका बसला तर तो कब्जा हॅण्डलभोवती फिरतो आणि लिव्हर वाचते. मग तो पुढचे चाक आणि हॅण्डल एका रेषेत आहेत का ते पाहतो. गाडी सरळ जात असता हॅण्डल वाकडे दिसले, की नवखा माणूस घाबरतो आणि नळ्या वाकल्या असे समजतो. पुष्कळदा नळ्या वाकलेल्या नसतात, त्या पकडीत नुसत्या पिळवटलेल्या असतात. पकडीचे बोल्ट सैल करावे, पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरावे, हॅण्डल धरून एक हिसका द्यावा आणि बोल्ट पुन्हा आवळावे. काम दहा मिनिटांचे असते. त्यानंतर पायदान, गिअरची दांडी, आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत बारकाईने, इंजिनाचे झाकण. कारण गिअरची दांडी आत दबून झाकणाला चीर पडली असेल, तर तेल थेंबाथेंबाने जाते, स्वाराला ते कळत नाही, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर इंजिन जाम होते. पडण्याने शंभर रुपयांचे नुकसान झाले म्हणून जो हसत घरी निघाला, त्याला मग हजारोंचा खर्च येतो.

या क्रमातच टिकाऊ गाडीचे मर्म आहे असे मला वाटते. काहीच न मोडणारी गाडी कोणी बनविलेली नाही. जे मोडायचे ते बाहेरचे, स्वस्त आणि बदलण्याजोगे असावे, आणि त्याने मोडून आतल्या महागड्या वस्तूला वाचवावे, एवढेच करता येते. कित्येक लिव्हरींच्या टोकाजवळ एक बारीक खाच असते. लिव्हर तुटायची तर तेथेच तुटावी, आणि उरलेल्या बुंध्यावर चार बोटे ठेवून घरापर्यंत येता यावे, यासाठी ती असते. पायदानाची घडी पडते तीही त्यासाठीच. उलट, हौसेने लावलेला फार दणकट लेगगार्ड कधी कधी घात करतो. तो स्वतः वाकत नाही आणि सारा दणका चौकटीच्या नळीला पोचवितो. गार्ड जसाच्या तसा, आणि चौकट मात्र वाकडी. वाकडी चौकट हे गाडीचे असे दुखणे आहे की त्यावर मिस्त्रीही मान हलवितो.

तथापि या सगळ्या हिशेबात एक वस्तू अशी आहे की जी मोडून चालत नाही आणि बदलून मिळत नाही. ती म्हणजे गाडीवरचे माणूस. आपल्याकडे मागे बसणारी बाई बहुधा दोन्ही पाय डावीकडे सोडून बसते. तिचा भार एका बाजूला. गाडी थांबता थांबता किंवा ती चढता उतरताना पडली, तर त्याच बाजूला पडण्याचा संभव अधिक. त्यातून साडीचा पदर चाकात गेला, की आऱ्यांमध्ये तो गुंडाळला जाऊन काय होते, हे लिहिण्याची गरज नाही. म्हणून डाव्या अंगाला साडीगार्ड आला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागल्या प्रवाशासाठी हाताला धरावयाची कडी, पायदान आणि मागल्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारी जाळी आवश्यक केली. आपल्या देशातल्या बायकांच्या नेसण्याची दखल घेणारा हा नियम आहे. तरुण मुले दिसायला बरी नाही म्हणून ही जाळी काढून टाकतात, आणि मग आईला किंवा बहिणीला त्याच गाडीवरून बाजाराला नेतात.

डोक्याचे तर विचारूच नका. 'गावातल्या गावात जायचे आहे, सावकाश जाणार आहे, शिरस्त्राण कशाला?' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, कदाचित उच्चारलेलेही आहे. परंतु पडताना डोक्याला गाडीच्या वेगाशी कर्तव्य नसते. त्याला जमिनीपर्यंतच्या उंचीशी कर्तव्य असते. दीड मीटरवरून खाली येणारे डोके जमिनीला लागते तेव्हा त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर झालेला असतो, गाडी उभी असली तरीही. मग ते डांबरावर लागते की दगडावर, एवढाच प्रश्न. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यवैद्याने पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, तो १९४१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातून ब्रिटिश लष्करात शिरस्त्राणे आली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम तेच सांगते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्या घरच्या माणसालाही, ते लागू आहे. शिरस्त्राण हीसुद्धा स्वतः फुटून आतले वाचविणारीच वस्तू आहे. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. आतला थर आपले काम करून बसलेला असतो.

आता २०२० नंतरच्या गाड्या. धुराचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी पेट्रोल मोजून आत सोडणारी विजेवर चालणारी यंत्रणा आली. पुष्कळ नव्या गाड्यांत गाडी आडवी झाल्याचे ओळखणारा एक संवेदक असतो. तो इंजिन बंद करतो. ही सोय खरोखर चांगली आहे. गाडी उभी केल्यावर ती सुरू झाली नाही म्हणून घाबरू नये. पुष्कळदा किल्ली एकदा बंद करून पुन्हा फिरविली की पुरे होते. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर हवा कापण्यासाठी आणि शोभेसाठी लावलेली प्लास्टिकची अंगे वाढली. पोलादाला पोचा पडला तर तो निघतो. प्लास्टिकचा कान तुटला तर सारा तुकडाच बदलावा लागतो. आऱ्यांचे चाक थोडे लचकले तर आरे आवळून सरळ करता येते. मिश्रधातूच्या चाकाला चीर गेली तर ते चाकच जाते. हौसेने घेतलेली महाग गाडी घराच्या अंगणात स्टॅण्डवरून कलंडली आणि तिच्या दुरुस्तीचे बिल महिन्याच्या मिळकतीएवढे झाले, अशा गोष्टी आता खेड्यांतही ऐकू येतात.

बीड जिल्ह्याला याचे महत्त्व अधिक आहे. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून ऊसतोडीला लाखो माणसे बाहेर पडतात; नवरा-बायकोचा एक 'कोयता', भांडीकुंडी, शेरडू, लेकरे, आणि अलीकडे ट्रॉलीच्या कडेला दोरीने बांधलेली एखादी फटफटीही. ती कर्जाऊ घेतलेली असते, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने. फडातल्या चिखलात आणि पाचटावर ती जाणार, आणि पडणारही. तेथे कंपनीचे दुकान नसते. असतो तो कारखान्याच्या फाट्यावरचा एक टपरीवाला मिस्त्री. त्याला जे नीट करता येईल तेच त्या कुटुंबाच्या दृष्टीने टिकाऊ. बाळाला ताप आला म्हणून रात्री दवाखाना गाठायचा, तर तुटकी लिव्हर आणि बंद पडलेली संगणकपेटी यांत किती अंतर आहे, हे त्या आईला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सणासुदीच्या दिवसांत गाडी घेण्याचा बेत पुष्कळ घरांत होतो, म्हणून दोन शब्द व्यवहाराचे. ओल्या अंगणात गाडी लावताना साइड स्टॅण्डखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवावा. काळ्या मातीत स्टॅण्डचे टोक रुतते आणि रात्रीतून गाडी झोपते. गाडी पडलीच तर आधी माणसाला सावरावे, मग किल्ली बंद करावी, पेट्रोलची तोटी असेल तर ती फिरवावी, जवळपास विडी-काडी पेटू देऊ नये. उचलताना वाकून ओढू नये; कंबर जाते. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टॅण्ड आधीच बाहेर काढून ठेवावा, गिअर टाकावा, गाडीकडे पाठ करून उकिडवे बसावे, एका हाताने हॅण्डलचे खालचे टोक आणि दुसऱ्याने मागची कडी धरावी, आणि पायांच्या जोराने मागे मागे पावले टाकीत ती उभी करावी. ही युक्ती घरातल्या मुलींनाही दाखवावी. आणि गाडी विकत घेताना दुकानदाराला ती किती पळते हे विचारल्यावर, हिची लिव्हर आमच्या गावात मिळते का, हेही विचारावे.

वाळूजला कारखाना असलेल्या बजाजच्या 'बॉक्सर' नावाच्या साध्या फटफट्या आज आफ्रिकेत युगांडा, केनिया, नायजेरिया अशा देशांत भाड्याने माणसे वाहून नेतात. तेथेही मातीचे रस्ते आहेत, पावसाळ्यात चिखल आहे, आणि रस्त्याच्या कडेला झाडाखाली पाने मांडून बसलेला मिस्त्री आहे. मराठवाड्यातल्या वाटांवर जे गुण खरे ठरले तेच तिकडेही लोकांनी पारखून घेतले. उचलता यावी, मोडले ते स्वस्तात मिळावे, आणि नीट करणारा जवळ असावा, ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच. गेवराईच्या काळ्या रानात ती नवी नाही. बैलगाडीचा सुतार आणि लोहार जोवर गावात होता, तोवर आरा मोडला म्हणून कोणी गाडी टाकून दिली नव्हती.